पेसमेकरचा कप्पा आणि तार

हृदयाचे ठोके पडण्यासाठी लागणारी सूक्ष्म विद्युतचेतना हृदयातच निर्माण होते, आणि ती मंदावली किंवा वाटेत अडली, तर तिची उणीव भरून काढण्यासाठी पेसमेकर बसवला जातो. ठोके जीवघेण्या वेगाने पडू लागल्यास विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राला आयसीडी म्हणतात. दोहोंची रचना साधारण एकच असते. कॉलरबोनच्या खाली त्वचेच्या आत केलेल्या कप्प्यात बॅटरीची डबी असते, आणि तिच्यापासून निघालेल्या तारा, ज्यांना वैद्यक व्यवहारात लीड म्हणतात, शिरेतून थेट हृदयापर्यंत गेलेल्या असतात. रुग्ण आणि त्याचे घरचे लोक बहुधा मोबाइलला धास्तावतात, पण तो यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवला की ती काळजी बरीचशी मिटते. डॉक्टरांना खरी चिंता असते ती कप्प्याची आणि तारेची.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला. अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले आणि तोवर त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. आजची बॅटरी बरीच वर्षे टिकते, तरीही ती डबीतच बंद असल्यामुळे संपल्यावर संपूर्ण डबीच बदलावी लागते, म्हणजे जुना कप्पा पुन्हा उघडावा लागतो. आणि ही शस्त्रक्रिया किरकोळ समजली जात असली, तरी जंतुसंसर्गाच्या दृष्टीने ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक जोखमीची ठरते.

यंत्र बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत तार जागेवरून सरकणे, शिरेत सुई घालताना फुप्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा शिरणे, क्वचित तारेचे टोक हृदयाच्या भिंतीतून आरपार जाणे, अशा गुंतागुंती उद्भवतात. त्या बहुतेक वेळा लवकर लक्षात येतात आणि निस्तरताही येतात. अधिक फसवी बाब म्हणजे कप्प्यात रक्त साचणे. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाचे ते औषध शस्त्रक्रियेपूर्वी थांबवून मधल्या काळात हेपरिनची इंजेक्शने देण्याची पद्धत पूर्वी सुरक्षित मानली जात असे. परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रूझ कंट्रोल या अभ्यासात हेपरिन दिलेल्यांपैकी १६ टक्के रुग्णांच्या कप्प्यात लक्षणीय प्रमाणात रक्त साचले, तर वॉरफॅरिन चालूच ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ३.५ टक्के होते. असे साचलेले रक्त जंतूंना पोसते, म्हणून सुई खुपसून ते काढण्याचा मोह टाळावा लागतो, कारण त्या सुईबरोबर त्वचेवरचे जंतूच आत जाण्याचा संभव असतो.

संसर्गाची पहिली खूण पुष्कळदा अगदी साधी असते: कप्प्यावरची त्वचा लाल होते, दुखते, पातळ होत जाते, आणि कधी डबीचा कोपरा बाहेर डोकावतो. ताप असेलच असे नाही. अशा वेळी मलम लावून किंवा प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊन वाट पाहणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय, कारण यंत्राच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात आणि त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताची जंतुतपासणी करावी, आणि संसर्ग निश्चित झाल्यावर डबीसह सर्व तारा काढून टाकाव्यात, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जुनी तार शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला व्रणऊतींनी जखडलेली असते. ती सोडवण्यासाठी तारेवरून सरकणारी विशेष नळी, कधी लेसरची, वापरावी लागते. या कामात महाशीर फाटण्याचा धोका असल्यामुळे ते हृदयशल्यविशारद तत्काळ हाताशी असलेल्या केंद्रातच व्हायला हवे. नवे यंत्र शक्यतो छातीच्या दुसऱ्या बाजूला बसवतात, आणि त्याआधी त्याची गरज अजून उरली आहे का, हेही तपासले जाते.

प्रतिबंधाचे उपाय तुलनेने सोपे आहेत: शस्त्रक्रियेपूर्वी तासाभरात शिरेतून प्रतिजैविक, आणि जोखीम जास्त असल्यास डबीभोवती प्रतिजैविकयुक्त जाळीची पिशवी. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला, तारेविना थेट हृदयाच्या उजव्या जवनिकेत बसणारा मायक्रा पेसमेकर तर कप्पा आणि तार दोन्ही टाळतो, परंतु तो झटका देऊ शकत नाही आणि प्रत्येक रुग्णाला चालतही नाही.

रुग्णाचा मृत्यू झाल्यास दहनापूर्वी पेसमेकर शरीरातून काढावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. अशा काढलेल्या यंत्रांत बरेच आयुष्य शिल्लक असू शकते, आणि नवे यंत्र ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ते निर्जंतुक करून वापरावे का, हा प्रश्न भारतात केवळ तात्त्विक नाही. मुंबईतील ८१ गरजू रुग्णांना अशी आयसीडी यंत्रे बसवल्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात यंत्रामुळे संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. पुढे २०२० मध्ये अशी पुनर्वापर केलेली यंत्रे बसवलेल्या लॅटिन अमेरिका व कॅरिबियन भागातील १,०५१ रुग्णांची नवी यंत्रे बसवलेल्या कॅनडातील रुग्णांशी तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांतील संसर्ग किंवा यंत्रामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे २ टक्के आणि १.२ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, आणि प्रामुख्याने सापडलेले जंतू माणसाच्या त्वचेवर आणि नाकात एरवीही वास्तव्य करणारे स्टॅफिलोकोकस कुळातलेच होते.