आधी गंज, मग रंग

चिंचवडच्या एका मित्राच्या शोकेसमध्ये बत्तीस छोट्या गाड्या आहेत. बहुतेक दुकानातल्या, चकचकीत. खालच्या कप्प्यात मात्र हाताने बनवलेली एक काळी-पिवळी पद्मिनी दिसली. चाकावरच्या कमानीला फोड आलेले, दाराची खालची कड गंजाने खाल्लेली. मी त्या कडेवरून बोट फिरवलं आणि तांबडं झालं का म्हणून बघितलं. बोट स्वच्छ होतं. बनवणारा महाळुंग्याला राहतो म्हणाला, म्हणून गेलो.

तळेगाव-चाकण रस्त्याला नव्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर उभे असतात. त्यांना वळसा घालून आत शिरलं की कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. त्याच्या दारातच वास आला. थिनरचा येईल असं वाटलं होतं, आला तो सलूनमधला. हेअर स्प्रे.

हा गडी एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये तपासणीला आहे. आठ तास ट्यूबलाइटच्या झगमगाटात उभं राहून नव्याकोऱ्या बॉडीवर धुळीचा कण, ओघळ, चुकून पडलेला केस शोधायचा. तिथे पत्रा आधी ईडीच्या, म्हणजे विजेने लेप चढवायच्या, टाकीत बुडतो, मग प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट. एवढा खटाटोप कशासाठी, तर गंज चढू नये म्हणून. खोलीवर येऊन तो हाच क्रम उलटा करतो.

"आपल्याकडं आधी गंज, मग रंग," तो म्हणाला.

प्लॅस्टिकच्या शीटमधून सांगाडा कापणं, एम-सील भरणं, पॉलिश पेपर मारणं हे चार-पाच रात्रींचं काम. मग सगळ्या गाडीला तपकिरी, विटकरी, काळपट असे गंजाचे थर. त्यावर हेअर स्प्रे, आणि तो वाळला की टॅक्सीचा काळा-पिवळा. मग ओल्या ब्रशने हलकेच घासायचं. पाणी लागलं की खालचा स्प्रे सुटतो, वरचा रंग पापुद्र्याने निघतो आणि आतला गंज डोकावतो. मी घासायला घेतलं तर एका फटक्यात बॉनेटचं अर्धं काळं गेलं.

"चोवीस विसरलात, काका."

चोवीस म्हणजे त्याचं प्रमाण. जवळपास चार मीटरची पद्मिनी चोवीसने भागली की सोळा सेंटीमीटर उरते. गंजालाही चोवीसने भागायचं. रंगाखाली मिठाचे कण पेरून तो खपल्या काढतो, पण आधी मीठ खलबत्त्यात कुटतो, कारण साधा कणसुद्धा या गाडीवर वाटाण्याएवढा दिसतो. संध्याकाळभरात 'चोवीस' मी दहाएक वेळा ऐकलं असेल.

त्याचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. पद्मिनीच्या आधीची, 1954 ची 'डुक्कर फियाट' त्याने फोटोतच पाहिली, पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी म्हणजे घरचीच. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळे हळहळले. मला त्या हळहळीचा जरा संशयच येतो. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाच गंज सुंदर दिसतो.

माझ्या मित्राने दुसरी टॅक्सी सांगितली आहे, आणि 'या वेळी गंज भरपूर टाक' असा निरोपही धाडला आहे. पठ्ठ्याने मात्र 'नाही' म्हणून सांगितलं.

"बाबा रोज पहाटे गाडी धुवायचे. फडकं पोचत नाही तिथंच गंज धरतो. दाराच्या खाली, पावसाळी पट्टीच्या आत, कमानीत. टपावर कशाला येईल?"

मला हे शोकेसमधल्या बत्तीस गाड्यांपेक्षा मोलाचं वाटलं.

नव्या टॅक्सीचं ड्रायव्हरचं दार त्याने दिव्याखाली धरलं. खिडकीच्या कडेवर बोटभर जागा खरवडलेली होती. तिथे मात्र गंज नव्हता. शिसपेन्सिलीची भुकटी बोटाच्या टोकावर घेऊन तो ती जागा घासत बसला, पत्रा उघडा पडून चकाकायला लागेपर्यंत.

"हे काय?"

"कोपर," तो म्हणाला. "बाबांचं कोपर इथं टेकायचं."

आणि पुन्हा घासायला लागला.