फिल्मशिवाय एक्स-रे

डिजिटल एक्स-रेमध्ये किरण तेच असतात, जे रॉंटगेन यांना 1895 साली सापडले. बदलली ती ते टिपणारी पाटी. पूर्वी फिल्म अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर-फिक्सरमध्ये धुवावी आणि वाळवावी लागे. ती काळी पडली, की रुग्णावर पुन्हा किरण सोडणे आले.

सीआर (कम्प्युटेड रेडिओग्राफी) पद्धतीत कॅसेटमधली फॉस्फरची पाटी किरणांची ऊर्जा साठवते आणि लेसरने ती वाचली जाते. डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) पद्धतीत सीझियम आयोडाइडचा थर किरणांचा प्रकाश करतो, त्याखालचे सूक्ष्म घटक त्या प्रकाशाचा विद्युतभार करतात आणि काही सेकंदांत चित्र पडद्यावर उमटते. 14 बिटांच्या चित्रात करड्या रंगाच्या 16,384 छटा मावतात. त्यामुळे छातीच्या एकाच फोटोत आधी बरगडीची बारीक चीर आणि मग तिच्यामागचे फुप्फुस पाहता येते. धोका मात्र इथेच आहे: किरणांची मात्रा जास्त झाली तरी चित्र छानच दिसते, म्हणून तंत्रज्ञाने मात्रेच्या आकड्यावर लक्ष ठेवलेच पाहिजे.

शिरपूरसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्याला खरा लाभ अंतराचा. पाड्यावरच्या रुग्णाचा फोटो धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाला मिनिटांत दाखवता येऊ शकतो. त्यासाठी रुग्णाला महामार्गावरून नेण्याची गरज नाही. क्षयरोगाच्या शोधासाठी 7 डिसेंबर 2024 पासूनच्या शंभर दिवसांच्या देशव्यापी मोहिमेत हातात धरण्याजोगी यंत्रे वापरली गेली. मुंबईच्या क्युअर डॉट एआयसारख्या कंपन्यांची संगणकप्रणाली फोटोतले संशयास्पद डाग दाखवते. निदान पक्के होते ते थुंकीच्या तपासणीनेच.