माजघरातला तमाशा

तमाशा? आणि आपल्या घरात? साताऱ्याच्या आमच्या माजघरात एवढे म्हटले की विषय संपे. पण वाचकहो, अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १९२० सालचा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. अण्णाभाऊंनी तमाशातली गवळण गाळली, गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले आणि ढोलकीच्या थापेवर बड्यांची रेवडी उडवली. 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही नावेच पाहा! मुंबईच्या कामगारांनी ही लोकनाट्ये डोक्यावर घेतली. आपल्याला रुचतील? शेटजींना हसताना 'हा चिमटा मला का झोंबला?' असे ज्या पांढरपेशाला वाटेल, त्याला खचित रुचतील. फराळानंतर एखादे मुलांना वाचून दाखवा. त्याने घर बाटत नाही, थोडे उजळतेच!