तीन प्रती, तीन आकडे

एखाद्या बातमीला किती वाचकांनी पसंती दिली, हा आकडा दोनतीनने चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण तोच प्रकार रक्तपेढीतील पिशव्यांच्या मोजणीत झाला, तर पडद्यावर दिसणारी पिशवी कपाटात नसते. संगणकाला बेरीज येत नाही असे नाही. तरीही एकाच मोजणीच्या प्रती तीन संगणकांवर ठेवल्या, की त्यांत फरक पडू शकतो. हा फरक कोठून येतो आणि तो कसा शोधायचा, हे आपण कॅसान्ड्रा या डेटाबेसच्या उदाहरणाने पाहू.

हा डेटाबेस फेसबुक या कंपनीत तयार झाला आणि २००८ साली सर्वांसाठी खुला करण्यात आला. (ग्रीक पुराणातील कॅसान्ड्रा खरे भविष्य सांगे, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. काउंटरच्या बाबतीत हे नाव जरा बोलकेच आहे.) यात कोणताही संगणक मुख्य नसतो. प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती ठेवतात, म्हणजे एक संगणक बंद पडला तरी काम थांबत नाही. वाढघट करता येणारे काउंटर त्यात २०११ साली आले.

आता समजा, अ, ब आणि क असे तीन संगणक आहेत. प्रत्येकाजवळ तीन रकान्यांची एक वही आहे. 'एक मिळवा' ही सूचना ज्याच्याकडे जाते, तो फक्त आपल्याच रकान्यातील आकडा वाढवतो आणि नवा आकडा इतर दोघांना कळवतो. दुसऱ्याच्या रकान्यात स्वतः हिशेब करायचा नाही, कळवलेला आकडा नुसता उतरवून घ्यायचा. तिन्ही रकान्यांची बेरीज म्हणजे काउंटरची किंमत. अ च्या वहीत १२, ७, ५ असतील तर उत्तर २४. ब ला अ चा शेवटचा निरोप पोहोचला नसेल, तर त्याच्या वहीत ९, ७, ५, म्हणजे २१. बेरीज दोघांनीही बरोबरच केली आहे! प्रत्येक आकड्याला चढता क्रमांक जोडलेला असतो. त्यामुळे वह्या ताडून पाहताना १२ हा आकडा ९ च्या नंतरचा, हे लगेच कळते.

म्हणून आकडा खटकला की पहिला प्रश्न असा: नव्या सूचना थांबवून तोच काउंटर लागोपाठ दहा वेळा वाचला, तर दरवेळी एकच उत्तर येते का? कधी २४, कधी २१ येत असेल, तर एखादी वही मागे पडली आहे. एकाच प्रतीला विचारून उत्तर घेतले की असे होते. उपाय सभेच्या गणपूर्तीसारखा आहे. तिघांपैकी दोघांनी लिहिल्याशिवाय लेखन झाले असे मानायचे नाही, आणि दोघांना विचारल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. २ + २ हे ३ पेक्षा जास्त आहेत, म्हणून विचारलेल्या दोघांत ताजी वही असलेला एक तरी असतोच. एखादा संगणक बंद असेल तर त्याचे निरोप इतर जण साठवून ठेवतात, पण नेहमीच्या मांडणीत फक्त ३ तास. त्याहून अधिक वेळ बंद राहिलेल्यासाठी वह्या ताडण्याची 'रिपेअर' ही आज्ञा चालवावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

दुसरा प्रकार अधिक कठीण. तिन्ही वह्या जुळतात, दहाही वेळा २४ येते, पण प्रत्यक्ष घटना २३ च घडल्या आहेत. येथे रिपेअर कितीही वेळा चालवा, उपयोग नाही. चूक सर्वांकडे सारखीच पोहोचली आहे. बहुधा झालेले असते ते असे. पाठवणाऱ्याने 'एक मिळवा' म्हटले, संगणकाने मिळवले, पण पोच वाटेत हरवली. सूचना पुन्हा पाठवावी तर कदाचित दोनदा मोजले जाईल. न पाठवावी तर कदाचित मोजलेच गेले नसेल. यांपैकी काय झाले, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. कित्येक प्रोग्रॅम पोच न आल्यास सूचना आपोआप पुन्हा पाठवतात. शोध तेथूनच सुरू करावा.

गणिताच्या शिक्षकांना यातील मर्म चटकन कळेल. बेरजेत क्रमाला महत्त्व नाही, म्हणून सूचना मागेपुढे आल्या तरी चालते. पण ५ + ५ म्हणजे ५ नव्हेत. उलट 'दोहोंतील मोठा घ्या' ही क्रिया ५ आणि ५ यांवर कितीही वेळा केली तरी ५ च मिळतात. वह्या ताडणे या दुसऱ्या जातीचे आहे, 'एक मिळवा' पहिल्या. २०१४ सालच्या २.१ या आवृत्तीपूर्वी कॅसान्ड्रा आपल्या अंतर्गत रोजनाम्यातही 'एवढे मिळवा' असेच लिहीत असे. संगणक अचानक बंद पडून रोजनामा पुन्हा वाचला गेला, की मोजणी फुगण्याचा धोका असे. त्या आवृत्तीपासून जुना आकडा आधी वाचून 'आता एकूण १२' असे लिहिले जाते. रोजनामा दोनदा वाचला तरी १२ चे १२ राहतात. पाठवणाऱ्याची अडचण मात्र त्याने सुटत नाही.

म्हणून पिशव्या किंवा पैसे मोजण्यासाठी, आमच्या मते, असा काउंटर वापरूच नये. प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक देऊन ती नोंदवावी आणि नोंदी मोजाव्यात. ३१७ क्रमांकाची पिशवी दोनदा नोंदवली तरी एकच राहते. जागा जास्त लागते, मोजायला वेळही लागतो. चुकलेला काउंटर पुसून त्याच नावाने पुन्हा सुरू करण्याचा मोहही टाळावा. कॅसान्ड्रात पुसलेल्या काउंटरच्या पुनर्वापराची हमी नाही.

वर्गात तीन विद्यार्थ्यांना पाट्या देऊन हे करून पाहता येईल. चौथ्याने चिठ्ठ्यांवर 'एक मिळवा' लिहून पाठवावे, पाचव्याने मधूनच एखादी पोच लपवावी. पाट्या ताडून झाल्या की पुढच्या फेरीत चिठ्ठ्यांवर क्रमांक घाला, आणि बेरजेऐवजी ते क्रमांकच पाटीवर लिहायला सांगा.