ओळ किती लांब असावी?

पडदा रुंद झाला म्हणून मजकूरही या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरावा का? अजिबात नाही. वाचताना डोळा सलग सरकत नाही, छोट्या उड्या मारत जातो. ओळ संपली की एक लांब उडी मारून त्याला पुढच्या ओळीची सुरुवात गाठावी लागते. ओळ फार लांब असेल तर ही उडी चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. म्हणून रोमन लिपीच्या छपाईत ओळीत ४५ ते ७५ अक्षरे सोयीची मानतात.

संकेतस्थळांवर १०२४ पिक्सेल रुंद पडद्यांच्या काळात ९६० पिक्सेल रुंदीचे पान रूढ झाले. स्क्रोलबारला जागा उरे. शिवाय ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे रकाने पाडणे सोपे. मोबाइल आले आणि ठरावीक रुंदीचा काळ संपला. पडद्यानुसार बदलणाऱ्या पानाची कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली.

देवनागरीत मात्रा, वेलांट्या, उकार ओळीच्या वर-खाली जातात, म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त लागते. मराठी संकेतस्थळे बनवणाऱ्यांनो, परिच्छेदाला कमाल रुंदी जरूर ठरवून द्या. बाजूची जागा मोकळी राहिली तरी चालेल.