मोटारीच्या पोटातला गाळ

मुलुंडच्या एका गॅरेजात मेकॅनिक एका मोटारीच्या इंजिनाचे वरचे झाकण उघडत होता. मोटार एका निवृत्त गृहस्थांची. बाहेरून लख्ख पुसलेली, कोठे ओरखडासुद्धा नाही. सहा वर्षांत ती जेमतेम १२,००० किलोमीटर चालली होती. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर आणि रविवारी भाजीबाजार. झाकण निघाले आणि आत दिसला काळा, चिकट, बोटाने खरवडून काढता येईल असा गाळ.

"अहो, पण गाडी चालते कुठे एवढी? तेल खराब कशाने होणार?" गृहस्थांनी विचारले.

"काका, चालत नाही म्हणूनच तर!" मेकॅनिक म्हणाला.

या 'म्हणूनच' मध्ये बरेच रसायनशास्त्र दडलेले आहे.

इंजिनाच्या तळाशी एक पसरट टाकी असते. तिला ऑइल संप म्हणतात. लहान मोटारीत तिच्यात सुमारे ३ लिटर वंगण तेल मावते. हे मूळ तेल येते खनिज तेलातून; चेंबूरजवळच्या माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या शुद्धीकरण कारखान्यात ते तयार होते. पंप हे तेल वर खेचतो आणि बारीक नळ्यांतून प्रत्येक फिरत्या भागाकडे पोचवतो. घर्षण कमी करणे, उष्णता वाहून नेणे आणि घाण धुऊन काढणे ही तिन्ही कामे त्याचीच.

आता थोडे गणित करू. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, पण सोयीसाठी ते सगळे ऑक्टेन आहे असे धरा. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. तो पूर्ण जळला की पाण्याचे ९ रेणू तयार होतात. ऑक्टेनचा रेणुभार ११४ आणि पाण्याचा १८. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी मिळते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. त्रैराशिक मांडून पाहा, उत्तर १ किलोग्रॅमच्या थोडे वर येईल. एक लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ एक लिटर पाणी!

यातले बहुतेक पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते. सकाळी नुकत्याच सुरू केलेल्या मोटारीच्या नळीतून टपटपणारे थेंब आपण पाहिलेले असतात. परंतु दट्ट्या आणि सिलिंडर यांमधली फट कड्या बसवूनही पूर्ण बंद होत नाही. ज्वलनातले थोडे वायू तिच्यातून खाली संपाकडे झिरपतात. त्यांत पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल, काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. इंजिन चांगले तापलेले असेल तर पाणी व पेट्रोल पुन्हा बाष्परूप होऊन हवेच्या झडपेतून बाहेर खेचले जातात. पण इंजिनातले थंडाव्याचे पाणी काही मिनिटांत तापते, तेल मात्र मागे रेंगाळते. दीड किलोमीटरवरच्या स्टेशनाशी मोटार थांबते तेव्हा ते पुरते तापलेलेच नसते. पाणी तेलातच राहते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून त्यातून आम्ल तयार होते, तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन डिंकासारखे पदार्थ बनतात, आणि त्यांना काजळी चिकटली की झाला गाळ.

टॅक्सीचे उलट असते. मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेल्या प्रीमियर पद्मिनी आठवा. त्यांचा कारखाना कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री मार्गावर होता. टॅक्सीचे इंजिन दिवसभरात क्वचितच गार होते, त्यामुळे तिच्या तेलात पाणी फारसे साचत नाही.

मग रोज बोरिवलीहून अंधेरीला मोटार नेणारा सुखी म्हणावा काय? तसेही नाही. साकीनाक्याच्या कोंडीत मोटार उभी असते, पण इंजिन चालूच असते. किलोमीटरचा आकडा हलत नाही आणि तेल मात्र राबत असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर जायला सुमारे १६७ तास लागतात. ताशी १५ च्या वेगाने ६६७ तास. काटा तेवढाच आणि तेलाचे काम चौपट! माझ्या मते मोटारीतल्या सर्व काट्यांत किलोमीटरचा काटा सर्वांत फसवा.

तेलात कारखान्यातच निर्मलक द्रव्ये घातलेली असतात. ती साबणाप्रमाणे काजळीचे कण वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात. तेल काळे झाले म्हणजे वाया गेले असे नव्हे. घाण उचलून धरल्यामुळेच ते काळे दिसते. ही द्रव्ये संपली की मग कण एकत्र येतात. हे तुम्हांला शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, जुन्या तेलाचा एक थेंब गाळणकागदावर टाका आणि कागद आडवा ठेवून रात्रभर तसाच राहू द्या. करडा डाग कडेपर्यंत सारखा पसरला तर निर्मलक शाबूत आहे. मध्ये काळाकुट्ट ठिपका आणि भोवती फिकट वलय पडले तर ते संपत आले आहे. डिझेल मोटारीच्या तेलात हा फरक अधिक स्पष्ट दिसतो.

गाळाची खरी भीती आहे ती पंपाच्या तोंडाशी बसवलेल्या चाळणीमुळे. ती बुजली की तेल वर चढत नाही, बेअरिंगे कोरडी पडतात आणि काही मिनिटांत इंजिन जखडते. तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागतो खरा, पण तो दाब पार घसरल्यावर. तो लागला की इंजिन तत्क्षणी बंद करावे, घर दोन वळणांवर असले तरीही. इंजिनाच्या रचनेचाही यात वाटा असू शकतो. २००२ साली अमेरिकेत टोयोटा कंपनीला सुमारे ३३ लाख मोटारींसाठी गाळाच्या दुरुस्तीची खास योजना जाहीर करावी लागली होती.

उपाय साधा आहे. मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते' असे छापलेले असते. अनेक मोटारींसाठी हा आकडा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा आहे. लोक पहिला अर्धा भाग वाचतात. कोंडीत किंवा जवळच्या जवळ चालणाऱ्या मोटारींसाठी त्याच पुस्तिकेत बहुधा आणखी कमी मुदत दिलेली असते, ती तर कोणीच पाहत नाही. तेल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे घाण तेलाबरोबर वाहून जाते. गाळणीही त्याच वेळी बदलावी. तेल ओतायच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाची साय दिसली तर आत पाणी साचते आहे असे समजावे. तरीही थंडाव्याचे पाणी कमी होत असेल तर गॅस्केट तपासून घ्यावे. काही ठिकाणी रॉकेल घालून इंजिन धुतात. गाळ जुना असेल तर हे टाळलेले बरे, कारण त्याचे सुटलेले तुकडे नेमके चाळणीतच जाऊन अडकतात. काढलेले तेल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे.

मुलुंडच्या त्या मोटारीचा संप उतरवला तेव्हा चाळणीची निम्मी जाळी बुजलेली निघाली. इंजिन थोडक्यात वाचले. गृहस्थ आता दर रविवारी सकाळी नाशिकच्या रस्त्याने पडघ्यापर्यंत जाऊन येतात आणि आठवड्याची भाजी तिकडूनच आणतात.