वहिवाटीची वाट आणि राष्ट्राची सुरक्षितता

शेतांतून जाणारी वहिवाटीची गाडीवाट कोणी ‘चोराचें भय आहे’ म्हणून अडविली, तर मामलेदार जागेवर पाहणी करून निकाल देतात. अडविणाराच्या केवळ शब्दावर भागत नाहीं. महसुली नोकरींत अशीं प्रकरणें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. राष्ट्राराष्ट्रांतही हाच प्रश्न उद्भवतो.

जकात व व्यापारविषयक १९४७ च्या कराराचें ५ वें कलम परक्या मालास आपल्या मुलखांतून पुढें जाऊं द्यावें असें सांगतें. २१ वें कलम मात्र युद्ध किंवा राष्ट्रसंबंधांतील आणीबाणी असतां सुरक्षिततेसाठीं अपवादाची मुभा देतें. २०१६ सालीं रशियानें युक्रेनचा कझाकस्तानास जाणारा माल सरळ वाटेनें नेण्यास मनाई करून बेलारूसचा वळसा घालावयास लाविला. तक्रार जागतिक व्यापार संघटनेकडे गेली. रशियाचें म्हणणें, सुरक्षितता आमची, निर्णयही आमचाच. एप्रिल २०१९ मध्यें पंचांनीं ठरविलें कीं, आणीबाणी खरोखर आहे काय, हें पंच तपासूं शकतात. तपासाअंतीं २०१४ पासूनची स्थिति आणीबाणीचीच ठरली व मनाई ग्राह्य झाली.

म्हणजे अडविणारा जिंकला, पण पाहणीचा हक्क शाबूत राहिला. तथापि मामलेदाराच्या हुकमामागें सरकारचें बळ असतें, तसें येथें नाहीं. पोलादावरील जकातीसंबंधीं २०२२ सालीं विरुद्ध गेलेला निकाल अमेरिकेनें मानला नाहीं. कांदा, द्राक्षें परदेशीं धाडणाऱ्या शेतकरी बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें: कारण विचारणारा पंच असेल तोंवरच दुबळ्याची वाट खुली राहते.